पाण्यात गेलेली गाडी: ठेवावी की काढून टाकावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते सांगतो, चुकत असेल तर दुरुस्त करा. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, 58 हजार किलोमीटर झालेली. सांगलीत इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी असताना ऑगस्टच्या पुरात सीटच्या गादीपर्यंत पाणी आलं आणि दोन रात्री तिथंच राहिलं. दुरुस्तीचं बिल 1 लाख 62 हजार. विमा कंपनीनं 94 हजार दिले, बाकीचे 68 हजार तुमच्या खिशातून गेले. गाडी परत येऊन दीड महिना झाला. चालते ठीक, पण एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो आणि सकाळी एसी लावला की कुबट वास येतो. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी 2 लाख 10 हजार द्यायला तयार आहे. पाणी न लागलेली अशीच गाडी 3 लाख 60 हजारांच्या आसपास जाते. वडील म्हणतात, एवढा पैसा घातला, आता कशाला विकायची. मिसेस म्हणतात, मुलाला घेऊन त्या गाडीत बसायला धीर होत नाही.

माझं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांतल्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात. त्या भरवशावर लिहितोय. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

पहिलं म्हणजे ते 68 हजार डोक्यातून काढा. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. वडिलांचं म्हणणं कळतं मला, आमच्याही घरात हेच ऐकायला मिळालं असतं. पण आज हिशेब एवढाच करायचा: उद्या कुणी हीच गाडी, याच दिव्यासकट आणि याच वासासकट, तुमच्या दारात आणून 2 लाख 10 हजारांना घ्या म्हणाला, तर तुम्ही घ्याल का?

कंपनीनं कमी पैसे देऊन फसवलं का, असंही तुम्ही विचारलंय. आकड्यांवरून तरी तसं दिसत नाही. गाडी पाच वर्षांच्या पुढं गेली की धातूच्या भागांवर 40 टक्के घसारा कापतात आणि रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांवर 50 टक्के. मजुरीवर कापत नाहीत. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जोड पॉलिसी, नसेल तर 1 लाख 62 हजारांच्या बिलात 94 हजार मिळणं स्वाभाविक आहे. आणि टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, का धरलं नाही, तर खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला तरच तसं धरतात. तुमची आयडीव्ही साडेतीन लाखांच्या आत-बाहेर असेल, म्हणजे ती रेषा अडीच लाखांच्या पुढं. तुम्ही बरेच अलीकडे राहिलात. क्लेम घेतल्यामुळं पुढच्या वर्षी एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येईल. पण एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळं गाडी ठेवा नाहीतर विका, तो गेलाच. या निर्णयात त्याला धरू नका.

आता गाडीकडं येऊ. पाण्यात गेलेली गाडी म्हणून सगळ्या एका मापानं मोजता येत नाहीत. पाणी कुठपर्यंत चढलं, किती वेळ राहिलं, कसलं होतं, आणि त्या वेळी किंवा नंतर इंजिन फिरवलं गेलं का, यावर सगळं ठरतं. 2021 च्या जुलैत चिपळूणला एका गॅरेजवाल्या मित्राच्या मदतीला दोन पोरं घेऊन गेलो होतो. तिकडं पाणी बघता बघता चढलं आणि लवकर उतरलं, पण प्रत्येक गाडीत बोट बोट जाडीचा चिखल ठेवून गेलं. आपल्याकडं पंचगंगा, कृष्णा तसं करत नाहीत. सावकाश चढतात आणि पाहुण्यासारख्या मुक्काम ठोकतात. 2019 ला शिरोळकडच्या काही गाड्या आठ आठ दिवस पाण्यात होत्या. चिखल दिसतो तरी, धुता येतो. तुंबलेलं पाणी वायरच्या कव्हरच्या आत केशिकेसारखं वर चढत जातं आणि पाण्याची रेघ जिथं दिसते त्याच्याही वीतभर वर जाऊन बसतं. समुद्राजवळ खारं पाणी लागलेली गाडी असती तर मी एवढं लिहिलंच नसतं, सरळ विका म्हणालो असतो.

तुमची अवस्था मधली आहे. फक्त पायपुसण्या भिजल्या असत्या तर ठेवा म्हणालो असतो, डॅशबोर्ड बुडाला असता तर विका. सीटच्या गादीपर्यंत पाणी म्हणजे डॅशच्या आतलं महागडं सामान बहुतेक वाचलं, पण गाडीच्या फरशीवरचं सगळं बुडालं. आणि आजच्या गाड्यांत फरशीवर काय काय असतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं.

एअरबॅगचा मेंदू बहुतेक गाड्यांत गियरच्या दांड्यापाशी, मधल्या उंचवट्यावर बोल्टनं बसवलेला असतो. तुमच्या गाडीत तो दोन रात्री पाण्याखाली होता असंच धरून चाला. सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर, म्हणजे वायर जोडायचे सांधे असतात, ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या लाइनचे. पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या तळाशी बेल्ट आवळणारं यंत्र असतं, त्यालाही पाणी लागलं असणार. तेव्हा आधी बिल काढा आणि त्यात एअरबॅग मॉड्यूल किंवा एसआरएस युनिट (दोन्ही नावं त्या मेंदूचीच) बदलल्याची ओळ आहे का बघा. नसेल, तर काय झालं असेल ते मी सांगतो: स्कॅनर लावून एरर पुसली, दिवा गेला, गाडी दिली. हवेत ओल आली की दिवा पुन्हा लागतो.

तो दिवा लागलेला असताना अपघातात एअरबॅग फुगेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्या क्षणी यंत्रणा स्वतःच सांगत असते की माझ्यावर विसंबू नका. मिसेसना भीती वाटते ती उगाच नाही. वासाचं नंतर बघू, गाडी ठेवायची झाली तर हे पहिलं काम. मॉड्यूल नवंच घ्या, भंगारातलं नको. दिसायला सारखं असलं तरी त्यात दुसऱ्या गाडीचा इतिहास भरलेला असतो. लहान गाडीचं 12 ते 20 हजारांत येतं, ते गाडीशी जुळवून घ्यायचं कोडिंग वेगळं.

वास म्हणजे कार्पेट. 2005 ला मी तरुण होतो, आणि आम्ही सगळ्यांनी एकच केलं: सीटा काढल्या, रस्त्यावर उन्हात ठेवल्या, कार्पेट वरच्या वर धुतलं, चार दिवस दारं उघडी टाकली आणि झाली गाडी म्हणून दिली. पुढच्या जूनमध्ये त्यातल्या निम्म्या गाड्या परत आल्या. कुणाचा हॉर्न आपोआप वाजतोय, कुणाच्या काचा उतरत नाहीत. कार्पेटच्या खाली बोटभर जाडीचा नमदा असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि त्याच्याच खालून वायरिंगचा मुख्य जुडगा जातो. मागच्या वर्षी एक गाडी उघडली, पाण्यात जाऊन तीन महिने झाले होते. वर हात लावला तर कोरडी ठणठणीत. नमद्याचा तुकडा काढून मुठीत पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी मनगटावरून खाली आलं. ड्रायव्हर सीटखालचा कपलर खोलला तर पिना मोरचुदासारख्या हिरव्या-निळ्या. तुमच्याकडं द्राक्षबागांवर मोरचूद फवारतात, रंग कसला म्हणतोय ते कळेल. एक पिन तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागताच पावडर होऊन पडली. ती गाडीही त्या दिवशी चालतच आली होती.

म्हणून कार्पेट पूर्ण बाहेर काढा. सीटा, मधला कन्सोल, दाराखालच्या पट्ट्या, सगळं खोलून. नमदा फेकून नवा घाला. एकेक कपलर उघडून साफ करून घ्या, गंजलेल्या पिना बदला, दाराच्या तळातली पाणी जायची भोकं चिखलानं बुजलीत का बघा. फिटरचं दोन दिवसांचं काम आहे. वाससुद्धा त्यानंच जाईल. अत्तराच्या बाटल्या लावून जाणार नाही. एसीचा ब्लोअर त्याच वेळी उतरवून बघायला सांगा.

इंजिनाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय, ‘इंजिन बंद होतं त्यामुळं वाचलं.’ असेलही. पण गाडी बुडते तेव्हा बंद असली तरी पाणी उतरल्यावर कुणी ना कुणी सेल्फ मारून बघतोच. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबायला जातो, पाणी काही दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकतो केसाएवढा. गाडी चालू होते, आवाजही येत नाही.

2019 ची गोष्ट. पूर ओसरल्यावर दिवसाला बारा-पंधरा गाड्या टोचन होऊन येत होत्या. त्यात एका शिक्षकांची गाडी होती. त्यांच्या पुतण्यानं सेल्फ मारला होता, ‘धप्’ असा आवाज होऊन थांबला. आमच्या पोरांनी प्लग काढले, पाणी उडवलं, ऑइल तीन वेळा बदललं, गाडी सुरू झाली, सगळे खूश. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, मोजलं नाही. गडबडीत राहिलं म्हणा, पण जबाबदारी माझीच. चार महिन्यांनी सर कुटुंबासह बेळगावला निघाले आणि तवंदी घाटात रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. कुणाला काही झालं नाही. त्या इंजिनाचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत. तेव्हापासून पाण्यातली गाडी कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय आमच्या दारातून बाहेर जात नाही.

तुम्हीही मोजून घ्या, पाचशे-हजाराचं काम आहे. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी आला तर संशय घ्या, कारण रॉड वाकला की पिस्टन पूर्ण वरपर्यंत येत नाही. तसं निघालं तर इंजिन उघडण्याचा खर्च 50 ते 70 हजार धरा. मग गाडी ठेवण्यात अर्थ नाही. गियर ऑइलही थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी आहे.

पैशाचं गणित मी कागदावर मांडून बघितलं. बाजार गावागावाला वेगळा, त्यामुळं आकडे पाच-दहा हजारांनी इकडं-तिकडं होतील. समजा कॉम्प्रेशन चांगलं निघालं आणि तुम्ही गाडी दोन वर्षं ठेवली. मॉड्यूल, कार्पेट-वायरिंग, ब्लोअर, एखाद-दुसरं व्हील बेअरिंग मिळून 40 हजार. दोन वर्षांनी पूर लपवला नाही तर दीड लाख येतील, म्हणजे आजच्या 2 लाख 10 मधून 60 हजार उतरले. एकूण लाखभर. आता दुसरी बाजू. आज विकून 3 लाख 60 हजारांची चांगली गाडी घेतली, तर दोन वर्षांत ती 2 लाख 70 हजारांवर येईल, 90 हजार गेले. नाव बदलणं, एजंट, टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिस यांचे 15-20 हजार. तेही लाखाच्या थोडं वरच. शिवाय मधले दीड लाख तुम्हाला आत्ता रोख उभे करावे लागतील.

म्हणजे पैशात जवळपास बरोबरी. हे गणित दर वेळी असंच येतं असं नाही. डिझेल असतं तर पंप आणि इंजेक्टर धरून गाडी ठेवण्याचा खर्च दुप्पट झाला असता. ऑटोमॅटिक गियरबॉक्स असता तर मी आकडे मांडायच्या आधीच विका म्हणालो असतो. तुमची साधी पेट्रोल गाडी आहे म्हणून तराजू बरोबरीत आलाय.

दुसऱ्या गाडीबद्दल एक सावधगिरी. पुरानंतरच्या सहा-आठ महिन्यांत जुन्या बाजारात पाण्यातल्या गाड्या बऱ्याच येतात. त्या बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन विकतात, कारण तिकडं नंबर बघून कुणाला शंका येत नाही. तुम्ही आपली पुरातली गाडी देऊन दुसऱ्याची पुरातली गाडी घरी आणाल, असं झालेलं मी बघितलंय. कुठलीही गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाला मातकट रेघ दिसते का. सीटच्या खालचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे बघा. कार्पेट धुणारे खूप असतात, बेल्ट शेवटपर्यंत धुणारा क्वचितच भेटतो.

विकायचं ठरलं तर पूर लपवू नका. व्यापाऱ्याला क्लेमचा इतिहास काढता येतो आणि 2 लाख 10 हजार म्हणाला तेव्हाच त्यानं तो काढला असणार. थेट घरगुती गिऱ्हाइकाला विकलीत तर थोडे जास्त मिळतील, पण त्यानं विचारल्यावर पाणी लागलेलं नाही असं सांगितलंत तर उद्या ती फसवणूक ठरू शकते. करारात एक ओळ लिहा की गाडी पुराच्या पाण्यात गेली होती व दुरुस्तीच्या बिलांच्या प्रती दिल्या आहेत. खाली दोघांच्या सह्या. आमच्या भागात व्यापाऱ्याला कोऱ्या टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदांवर) सह्या करून द्यायची पद्धत आहे, ती मोडा. ते फॉर्म, म्हणजे फॉर्म 29 आणि फॉर्म 30, तारीख घालून पूर्ण भरून द्या, आरटीओला 14 दिवसांत कळवा आणि नाव बदललेल्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. गाडी चार हात फिरून कुणाच्या अंगावर गेली तरी भरपाईची नोटीस तुमच्या घरी येते.

आता माझं मत. तुमच्या जागी असतो तर व्यापाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगितलं असतं. आधी कॉम्प्रेशन. ते नापास तर त्याच संध्याकाळी गाडी व्यापाऱ्याला, त्यालाही आकडे दाखवून. पास झालं तर कार्पेट उघडायचं. पिना थोड्याफार हिरव्या असतील तर साफ करायच्या, मॉड्यूल नवं घालायचं आणि गाडी ठेवायची. पण जुडगा लांबवर काळा पडला असेल, वायर सोलल्यावर तांबं आतूनच काळं निघत असेल, तर हात जोडायचे आणि विकायची. ते काम कधी संपत नाही. एक बिघाड काढला की दुसरा येतो, आणि तुम्ही आठवड्यातून दोनदा सांगली-कोल्हापूर करता. रात्री अंकलीच्या पुलावर गाडी बंद पडली की गणित कितीही बरोबर असून काय उपयोग.

ठेवलीत तर आणखी दोन कामं. पुढच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यानं इंजिन बिघडलं तर भरपाई देणारी जोड, घ्या. सहा वर्षांच्या पुढं सगळ्या कंपन्या देत नाहीत, चौकशी करावी लागेल. आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी 40 फूट आहे, धोका पातळी 45. चाळिशीची वाट बघू नका. 35 ला गाडी पार्किंगमधून काढून मिरजेकडच्या नातेवाइकांच्या दारात लावून या. पुढचा जून-जुलै या गाडीची खरी परीक्षा घेईल. ओल्या हवेत दिवा लागला नाही, काचा-हॉर्न शहाण्यासारखे वागले, तर ही गाडी तुम्हाला पाच वर्षंही देईल.

आज संध्याकाळी एक करा. इमारतीच्या वॉचमनला आणि त्या दिवसांत घरी असलेल्या प्रत्येकाला शांतपणे विचारा, पाणी उतरल्यावर गाडीची किल्ली कुणी फिरवली होती का. रागावून विचारलंत तर सगळे नाहीच म्हणतील. जे उत्तर मिळेल ते आणि कॉम्प्रेशनचे आकडे इथं लिहा, मग पुढचं बोलू.